खाशाबांचा ढाक डाव आणि अर्ध्या तासाची विश्रांती

खाशाबा दादासाहेब जाधव यांची उंची होती पाच फूट पाच इंच. १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये ते ५२ किलोच्या गटात उतरले आणि १९५२ साली हेलसिंकीत ५७ किलोच्या. आजच्या एखाद्या जिममध्ये हा माणूस सदरा घालून शिरला असता, तर आरशासमोर दंड न्याहाळणाऱ्या पोरांनी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं. याच माणसाने स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिलं. त्यानंतर असं पदक मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. लिएंडर पेसने अटलांटात टेनिसचं कांस्य जिंकलं, तेव्हा खाशाबांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

वर्तमानपत्रांनी खाशाबांना पॉकेट डायनामो म्हटलं. कौतुकाचं हे नाव शास्त्राच्या कसोटीवरही बऱ्यापैकी उतरतं. डायनामो किती जड आहे हे कुणी विचारत नाही, तो सेकंदाला किती ऊर्जा बाहेर टाकतो हे विचारतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात बल आणि शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी असतात. बल म्हणजे ढकलण्याचा किंवा ओढण्याचा जोर, आणि शक्ती म्हणजे काम करण्याचा दर. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींना ताकदच म्हणतो आणि मग घोटाळा होतो. दीडशे किलोचा बार खांद्यावर घेऊन सावकाश उठणाऱ्याकडे बल भरपूर असतं. पण उडी मारायला, गोळा फेकायला, शंभर मीटरच्या सुरुवातीला ठोकळ्यांवरून सुटायला आणि समोरच्या मल्लाला जमिनीवरून उचलायला तेच बल क्षणात बाहेर यावं लागतं. क्रीडाशास्त्रात याला स्फोटक ताकद म्हणतात. खाशाबांच्या काळात कऱ्हाड-कोल्हापूरच्या तालमींत हा शब्द नव्हता, पण ती गोष्ट मात्र होती.

त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, सातारा जिल्ह्यातल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, आणि पाच भावांत खाशाबा धाकटे. पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांना मातीत उतरवलं. १९४० ते १९४७ या काळात ते कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले. याच वर्षांत चले जावची चळवळ झाली. भूमिगतांना लपायला जागा देणं, त्यांची पत्रकं पोचवणं अशी कामं या शाळकरी पोराने केली. सातारा जिल्ह्यात त्या दिवसांत हे काम धोक्याचं होतं.

पैलवानाचा मुलगा पैलवान, यात नवल काय, असं वाटू शकतं. स्नायूंमध्ये जलद आणि संथ असे दोन मुख्य प्रकारचे तंतू असतात आणि त्यांचं प्रमाण काही अंशी जन्मतःच ठरतं. जलद तंतू झटक्यात आकुंचन पावतात, मोठा जोर देतात आणि लवकर थकतात. संथ तंतू चिवट असतात. मॅरेथॉन धावणाऱ्याच्या मांडीत संथ तंतूंचा भरणा असतो, तर शंभर मीटरवाल्याच्या मांडीत जलद तंतूंचा. पण जन्मतः मिळालेले जलद तंतू कामाला लावावे लागतात, आणि त्यासाठी मेंदूकडून आणि मज्जारज्जूकडून तसा हुकूम जावा लागतो. हलक्या कामाला शरीर आधी छोटे, संथ तंतू जुंपतं. मोठ्या, जलद तंतूंची पाळी तेव्हाच येते, जेव्हा ओझं फार मोठं असतं किंवा हालचाल जीव खाऊन वेगाने करायची असते. जो कधी वेगाने जोर काढतच नाही, त्याचे हे तंतू घरात ठेवलेल्या तलवारीसारखे गंजत पडतात.

खाशाबांच्या मेहनतीचे आकडे आजही सांगितले जातात. दिवसाला चारेक तास सराव, हजारभर बैठका, तीनशे जोर. हे आकडे ऐकून कुणाला वाटेल, की हजार बैठकांतूनच ती विजेसारखी झेप आली. तसं होत नाही. जी बैठक सलग हजार वेळा काढता येते, तिच्यात एकेका बैठकीला स्नायूवर येणारा भार फार नसतो. तिने पायांचा दम वाढतो, गुडघ्याभोवतीचे स्नायुबंध पक्के होतात, छातीचा भाता तयार होतो. बैठकीत मल्ल टाचा उचलून पंजांवर येतो, त्याने घोटा आणि पोटरीलाही काम मिळतं. जोर काढताना पाठ, खांदे आणि कंबर एका लाटेत हलतात. हा सगळा पाया झाला. पायावर इमारत चढते ती दुसऱ्या मेहनतीने, आणि तालमीत ती मेहनत म्हणजे जोड धरून केलेली लढत.

जोड म्हणजे सरावाचा जोडीदार. पन्नास-साठ किलोचा, हलणारा, विरोध करणारा, घामाने निसटणारा जिवंत भार. त्याला एका दमात उचलून टाकायचं, तो उठला की पुन्हा टाकायचं. लोखंडी बार कधी फसवत नाही, जोड मात्र प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूने जोर लावतो. त्यामुळे मल्लाला जोर कुठे लावायचा आणि कधी लावायचा, ही दोन्ही उत्तरं एकाच क्षणी द्यावी लागतात. शिवाय कुस्तीचा हौद खणणं, माती उकरून सारखी करणं हेही पैलवानाचंच काम. फावड्याने माती उचलून बाजूला टाकताना कंबरेतून जी पीळदार हालचाल होते, तिच्यासाठी आज खेळाडू जड चेंडू भिंतीवर आपटतात. दोरी चढण्याने पकड आणि पाठ तयार होते. तालमीने शास्त्राचं पुस्तक वाचलं नव्हतं, पण पुस्तकातली बरीच प्रकरणं तिथे रोज गिरवली जात होती.

खाशाबांचा हुकमी डाव म्हणजे ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान आणि खांदा बगलेत आवळायचा, स्वतःची कंबर आत घालायची आणि वळत वळत त्याला अंगावरून खाली टाकायचं. पाहणाऱ्याला हा हातांचा डाव वाटतो, पण त्यातला मोठा जोर पायांतून येतो. पाय जमिनीला रेटतात, तो रेटा मांड्यांतून कंबरेत जातो, कंबर आधी फिरते, खांदे मागून येतात आणि शेवटी हात ओढतात. गोळाफेक करणाऱ्याचं शरीर नेमक्या याच क्रमाने चालतं. भालाफेक करणाऱ्याचंही. कंबर पुढे आणि खांदा मागे असा क्षणभर जो पीळ पडतो, त्यात धडाचे स्नायू ताणले जातात, आणि ताणलेला स्नायू लगेच आकुंचन पावला तर नुसत्या आकुंचनापेक्षा जास्त जोर देतो. बेचकीचं रबर आधी मागे ओढावं लागतं, तसंच हे. मात्र ओढून धरून ठेवलं तर उपयोग नाही. ताण आणि सुटका यांत वेळ गेला, की साठलेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते.

वेळेचा हा हिशेब फार बारीक आहे. माणसाच्या पायाला आपला पूर्ण जोर उभा करायला साधारण ०.३ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. पूर्ण वेगात धावणाऱ्याचं पाऊल जमिनीवर टेकलेलं असतं ०.१ सेकंदाच्या आसपास. लांब उडीत फळीवर पाय असतो त्याहून किंचित जास्त. म्हणजे धावपटूला आणि उडीवाल्याला आपली सगळी ताकद वापरायला कधी वेळच मिळत नाही. पहिल्या दशांश सेकंदात किती जोर उभा राहतो, यावर त्यांचं सगळं अवलंबून. कुस्तीत थोडी सवड असते, पण समोरच्याला सावरायला वेळ मिळता कामा नये, म्हणून हिशेब शेवटी तोच होतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ साली स्नायूंच्या आकुंचनाचा वेग आणि बल यांचं नातं समीकरणात मांडलं. ओझं वाढलं की वेग घटतो, आणि सर्वांत जास्त शक्ती मिळते ती मधल्या कुठल्यातरी भारावर. त्या वर्षी खाशाबा बारा वर्षांचे होते आणि गोळेश्वरच्या मातीत मधल्या वजनाच्या पोरांना उचलून टाकत होते.

शाळेनंतर ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजमध्ये आले. बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी हे तिथले त्यांचे मार्गदर्शक. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोवर खाशाबा मॅटवर कधी लढलेच नव्हते. तांबड्या मातीत वाढलेल्या मल्लाला गादीवर उभं केलं की सुरुवातीला पाय अवघडतात. मऊ मातीत पाऊल रुततं, रेट्यातली काही ऊर्जा माती पिऊन टाकते, म्हणून प्रत्येक हालचालीला जास्त कष्ट पडतात. वाळूवर धावायला कठीण जमिनीपेक्षा सुमारे दीडपट ऊर्जा लागते, असं मोजलं गेलं आहे. हौदातली माती वाळूइतकी सैल नसते, तरी तत्त्व तेच. मातीत पाय आणि कंबर दणकट होतात, पण चटकन उसळी घेण्याची सवय कमी लागते. मॅट रेट्याला लगेच उत्तर देतं, बुटाची पकड घट्ट बसते, आणि खेळ वेगवान होतो. त्यात नियम वेगळे. मातीवर चितपट होईस्तोवर झुंजायचं, इथे गुण मोजायचे.

हा फरक आजही मिटलेला नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र केसरी स्पर्धा अहिल्यानगरला झाली, तेव्हाही माती आणि गादी असे दोन विभाग होते, आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी एकमेकांशी भिडले. नगर जिल्ह्यातल्या जत्रांमध्ये भरणारे हगामे मातीवरच रंगतात आणि तिथली पोरं पुढे राज्याच्या संघात जायचं म्हटलं की मॅट शोधत फिरतात. दोन्ही पृष्ठभागांवर सराव करावा, हा आजच्या प्रशिक्षकांचा सल्ला. खाशाबांना ती सोय लंडनला पोचेपर्यंत नव्हती.

लंडनमध्ये अमेरिकेचे माजी कुस्तीवीर रीस गार्डनर यांनी त्यांना मॅटवरच्या कुस्तीचे धडे दिले. थोड्या दिवसांच्या त्या शिकवणीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला पहिल्या काही मिनिटांत हरवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं, आणि इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले. सहावा क्रमांक आला. नव्या पृष्ठभागावर, नव्या नियमांत, इतक्या अपुऱ्या तयारीवर आलेला हा सहावा क्रमांक पदकाइतकाच मोलाचा मानायला हवा, पण आपल्याकडे सहाव्याची आठवण ठेवायची पद्धत नाही.

पुढची चार वर्षं त्यांनी मेहनत वाढवली आणि गटही बदलला. ५२ वरून ५७ किलो. हा निर्णय शहाणपणाचा होता. स्नायूचा जोर त्याच्या जाडीवर अवलंबून असतो. वाढत्या वयातल्या मल्लाने पाणी तोडून, उपाशी राहून खालच्या गटात बसण्याचा अट्टहास केला तर वजनकाट्यावर तो जिंकतो आणि आखाड्यात हरतो. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त दाट होतं, हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, उष्णता बाहेर टाकता येत नाही. १९९७ साली अमेरिकेत महिनाभराच्या आसपासच्या काळात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन झटपट उतरवण्याच्या नादात मरण पावले, तेव्हा तिथले नियम बदलावे लागले. आपल्याकडे स्पर्धेच्या आदल्या रात्री जाड कपडे घालून पळणारी, थुंकत बसणारी पोरं अजून दिसतात. त्यांच्या वस्तादांनी खाशाबांचे हे पाच किलो लक्षात ठेवावेत.

हेलसिंकीची वाट मात्र आखाड्याबाहेरच अडली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला गेला, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, त्यांच्या शब्दाने निवड चाचणीत संधी मिळाली, आणि तिथे त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केलं. निवड झाली तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. मुंबई सरकारकडे अर्ज-विनंत्या झाल्या. मोरारजी देसाईंकडे पुन्हा पुन्हा मागणी केल्यानंतर चार हजार रुपये मिळाले, असं त्यांच्या चरित्रकथेत सांगितलं जातं. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थी परदेशी जाऊन कुस्ती खेळणार म्हणून स्वतःचं घर सावकाराच्या हवाली करणारा प्राचार्य आज कुठल्या मूल्यांकनाच्या तक्त्यात बसेल, कोण जाणे.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाचा अॅड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ यांना हरवलं. मग जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव्ह हे दोघं उरले. इथली हकिगत सगळ्या चरित्रांत आवर्जून येते. इशीशी दीर्घ झुंज झाली, ती खाशाबा निसटत्या फरकाने हरले. आजच्यासारख्या तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या तेव्हा नसत, कुस्ती पुष्कळ लांबायची. दमलेल्या खाशाबांना लगेच मामेदबेकोव्हशी लढायला बोलावलं गेलं. दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता. तो नियम दाखवून भांडायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. खाशाबा उभे राहिले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२.

त्या अर्ध्या तासात काय झालं असतं, हे शरीरशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. झटक्याच्या कामासाठी स्नायूंत क्रिएटिन फॉस्फेट नावाचं इंधन साठवलेलं असतं. ते ताबडतोब जळतं आणि जीव तोडून केलेल्या कामात दहा सेकंदांच्या आत बाहेर संपत येतं. ढाक मारायचा, पट काढायचा, सुटका करून घ्यायची, तर हेच इंधन लागतं. थांबलं की ते पुन्हा भरतं. निम्मं भरायला अर्धा ते एक मिनिट पुरतं, जवळपास पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. स्नायू आम्लाने भरलेला असेल तर याहून जास्त. लांबलेल्या कुस्तीत हे इंधन संपल्यावर शरीर ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, प्राणवायूविना जाळायला लागतं. त्यातून लॅक्टेट तयार होतं आणि सोबत आम्लताही वाढते. लॅक्टेटला पूर्वी विषच समजत. ते खरं नाही, हृदय आणि संथ तंतू तेच लॅक्टेट इंधन म्हणून वापरतात. पण वाढलेली आम्लता आणि स्नायूत साचलेलं फॉस्फेट यांमुळे आकुंचनाचा जोर आणि वेग दोन्ही मंदावतात. रक्तातलं लॅक्टेट निम्म्यावर यायला वीसेक मिनिटं लागतात, पूर्ण खाली यायला तासभर. म्हणजे अर्ध्या तासात दमलेला मल्ल ताजातवाना होत नाही, पण झटक्याचं इंधन पूर्ण भरतं, आम्लता बरीच उतरते, हृदयाचे ठोके खाली येतात, घोटभर पाणी आणि थोडी साखर पोटात जाते. संथपणे चालत राहिलं तर सुधारणा आणखी वेगाने होते.

थकव्याचा घाव नेमका कुठे बसतो, हेही इथे पाहण्यासारखं आहे. दमलेल्या माणसाची सावकाश लावायची ताकद बऱ्यापैकी टिकते. आधी ढासळते ती झटक्यात जोर काढण्याची क्षमता. ज्या मल्लाचं सगळं भांडवलच झटका आहे, त्याला विश्रांतीविना उभं करणं म्हणजे त्याचं हत्यार काढून घेऊन लढायला लावणं. विश्रांती मिळाली असती तर खाशाबा जिंकलेच असते, असं म्हणता येणार नाही, कारण मामेदबेकोव्ह कसलेला मल्ल होता. पण सामना बरोबरीचा झाला असता. पथकातले दुसरे मल्ल माणगावे यांचं पदकही त्याच ऑलिम्पिकमध्ये थोडक्यात हुकलं.

परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, लेझीम, गुलाल. कऱ्हाडहून गोळेश्वरला जायला एरवी थोडा वेळ लागतो, त्या दिवशी सात तास लागले, असं सांगतात. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी पहिलं काम काय केलं, तर कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, स्वतः लढले, जिंकले, आणि मिळालेल्या पैशांतून खर्डीकरांचं घर सोडवून दिलं.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. पोलिसांच्या स्पर्धा जिंकल्या, पोलिसांतल्या खेळाडूंना शिकवलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालू असताना गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि तिसरं ऑलिम्पिक हुकलं. स्फोटक खेळांत गुडघा हा कायमचा कच्चा दुवा आहे. पाऊल रोवलेलं, मांडी वळलेली आणि वरून दुसऱ्याचा भार, अशा अवस्थेत गुडघ्यातले स्नायुबंध आणि गाद्या फाटतात. दुर्बिणीतून होणारी गुडघ्याची शस्त्रक्रिया त्या काळात आपल्याकडे नव्हती. गरम शेक, मालिश, पट्टी आणि विश्रांती, एवढंच. आज उडी मारून मऊ उतरण्याचा, गुडघा आत न झुकवता दिशा बदलण्याचा आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा खास सराव दिला जातो. असा सराव नियमित करणाऱ्या खेळाडूंमध्ये गुडघ्याचा मुख्य स्नायुबंध फाटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटल्याचं अभ्यासांत आढळलं आहे. त्याला दिवसाची पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि यंत्र एकही लागत नाही.

खाशाबा पोलिसाच्या गणवेशात होते, त्या वर्षांत जगात स्फोटक ताकदीचं रीतसर शास्त्र उभं राहिलं. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात उंचीवरून खाली उडी टाकून जमिनीला पाय लागताच पुन्हा वर उसळण्याचा व्यायाम बसवला. १९७५ च्या सुमारास अमेरिकेचे फ्रेड विल्ट यांनी अशा व्यायामांना प्लायोमेट्रिक्स हे नाव दिलं. मैदानी खेळांतल्या आजच्या प्रशिक्षणात आधी काही महिने जड वजनांनी ताकद वाढवतात, मग मध्यम वजन झपाट्याने उचलायला लावतात, मग उड्या आणि फेकी. एका खेपेला तीन ते पाचच आवर्तनं, आणि दोन खेपांच्या मध्ये तीन ते पाच मिनिटं पूर्ण विश्रांती. नगरच्या वाडिया पार्कवर पोलीस भरतीसाठी घाम गाळणारी पोरं ही विश्रांती बहुधा टाळतात, दम लागला म्हणजेच व्यायाम झाला असं समजून. पण झटक्याचा सराव दमलेल्या अंगाने केला, तर शरीर सावकाश हलायलाच शिकतं. क्रिएटिन फॉस्फेट भरायला लागणारा वेळ आणि या विश्रांतीचा वेळ सारखाच आहे, तो काही योगायोग नाही. उंचीवरून उड्या टाकण्याचे प्रकार मात्र पायाची ताकद तयार झाल्याशिवाय आणि जाणत्या प्रशिक्षकाशिवाय करू नयेत. ज्यांचं वजन जास्त आहे किंवा गुडघे आधीच कुरकुरतात, त्यांनी तर नाहीच.

ही गोष्ट फक्त खेळाडूंची नाही. वय वाढतं तसे जलद तंतू आधी बारीक होतात, आणि त्यामुळे ताकदीपेक्षा झटक्याची शक्ती लवकर ओसरते. साठीच्या माणसाचा पाय ओल्या फरशीवर सरकला तर सावरायला अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ असतो. पडणं आणि न पडणं यातलं अंतर तेवढंच. म्हणून खुर्चीतून हात न टेकता जरा झपाट्याने उठायचं, सावकाश बसायचं, असं पाच-सात वेळा करून थोडं थांबायचं, हा व्यायाम ज्येष्ठांना सांगितला जातो. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, आणि श्वास कोंडून जोर लावू नये.

खाशाबांनी पोलीस खात्यात सत्तावीस वर्षं नोकरी केली आणि ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. तोपर्यंत केंद्राचा एकही क्रीडा पुरस्कार त्यांच्या नावावर नव्हता. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्राच्या वाट्याला दुसरं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आलं ते २०२४ साली पॅरिसमध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेच्या नेमबाजीने. मध्ये बहात्तर वर्षं गेली. गोळेश्वरला खाशाबांचं घर आहे, त्याचं नाव ऑलिम्पिक निवास.